सुकदेव पाटकऱ्याची नात

माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी विद्यार्थ्यांच्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या. लोक हसले, टाळ्या पडल्या. त्या गोष्टींत वत्सला भामरे नव्हती. पुढे स्मरणिकेसाठी आठवणीतल्या विद्यार्थ्यांवर लेख मागितला, तेव्हा मी दुसऱ्याच दोघांवर लिहून दिलं. बायकोने एकदा सहज विचारलं, “ती पिंपळनेरकडची मुलगी होती ना, सिनेमावर बोलायची, तिचं काय झालं हो?” मी म्हणालो, “झालं असेल लग्न,” आणि पेपर तोंडासमोर धरला. इतकी वर्षं मी हे असंच टाळत आलो.

आता टाळता येत नाही. गेल्या महिन्यात एका तरुण अभ्यासकाचा पांझरेकाठच्या पाण्याच्या व्यवस्थेवरचा लेख वाचला. मुलाने मेहनत घेतली आहे. पण जुन्या व्यवस्थेतही चोऱ्या होत असत याला पुरावा म्हणून त्याने एका आत्मचरित्रातला प्रसंग दिला आहे, आणि चोराचं नावही दिलं आहे: सुकदेव पाटकरी. तो प्रसंग खोटा आहे. हे ठामपणे सांगू शकेल असा माणूस आता मी एकटाच उरलो असेन. पण ते सांगायचं तर आधी त्याच्या नातीबद्दल सांगायला हवं.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला, देवपुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायचो. नोकरी तात्पुरती, दर जूनला नव्याने नेमणूक. शुक्रवारचा शेवटचा तास मी अभ्यासक्रमाबाहेर ठेवला होता. वाचलेल्या पुस्तकाबद्दल किंवा पाहिलेल्या सिनेमाबद्दल उभं राहून बोलायचं, आणि बोलताना ‘मी’ किंवा ‘मला’ आलंच पाहिजे, असा नियम. “लेखकाने उत्कृष्ट चित्रण केले आहे” हे गाईडातलं वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याने खाली बसायचं. पहिले काही शुक्रवार वर्ग बोलायच्या आधीच खाली बसला होता. मग वत्सला उठली.

काळीसावळी, काटकुळी मुलगी. बी.ए.ला आली तरी दोन वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. आवाज मात्र शेतात लांबच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला. तिने हातातली कादंबरी बाकावर उलटी ठेवली, मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा सुलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर लेखकाचा फोटो होता, तो तिला खाली करायचा होता.

“फोटो समोर असला की भीड पडते, सर,” ती म्हणाली.

मग म्हणाली, “यातली बाई विहिरीवर बसून आठ पानं रडते. मला तिचं वाईट वाटलं. पण आठ पानं होईपर्यंत चुलीवर काय होतं, ते लेखक सांगत नाही. मला तेवढं कळलं असतं तर मीपण रडले असते.”

मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, “वच्छे, लेखकाने तुला स्वयंपाकाला बोलवायला पाहिजे होतं!”

“बोलावलं असतं तर पुस्तकातली माणसं जेवली तरी असती,” ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवसापासून शुक्रवारचा तास भरू लागला.

तिचं बोलण्याचं एक माप होतं. ‘आवडलं’ आणि ‘पटलं’ या दोन गोष्टी ती कधी एकत्र करत नसे. “आवडलं, पण पटलं नाही.” “पटलं, पण आवडलं नाही.” दोन्ही एकदम झालं असं तिने माझ्यासमोर फार क्वचित म्हटलं. पाठ्यपुस्तकातल्या एका नामांकित कथेबद्दल ती म्हणाली, “पटलं. पण मला त्या घरात पाणी मागायलाही आवडणार नाही.” परीक्षेत हे वाक्य लिहिलं असतं तर कुणी अर्धा गुण दिला नसता. मी मात्र ते घरी जाऊन बायकोला ऐकवलं.

ती नेहमीच बरोबर असायची असं नाही. एका भिकार प्रेमकथेची तिने तोंडभरून स्तुती केली, कारण त्यातला नायक जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासतो. मी म्हणालो, “अगं, भाषा बघ, रचना बघ.” ती म्हणाली, “बघितली, सर. वाईटच आहे. पण ताट घासलं ना त्याने?” वर्ग तिच्या बाजूला गेला आणि मी हरलो.

सिनेमा तिने पहिल्यांदा गावाकडे पाहिला, यात्रेतल्या टूरिंग टॉकीजमध्ये. तंबूत मधोमध पांढरा पडदा. पुढून गर्दी झाली की उरलेले लोक पडद्याच्या मागे बसायचे. तिच्या घरचे कायम मागे. मागून चित्र उलटं दिसतं, त्यामुळे तिच्या लेखी तो नायक डावखुरा होता. डाव्या हाताने मारायचा, डाव्या हाताने आईला घास भरवायचा. पुढे धुळ्यात तोच सिनेमा पुन्हा लागला, तो तिने नीट खुर्चीत बसून पाहिला आणि शुक्रवारी तक्रार केली.

“तो उजवा निघाला, सर.”

“मग? सगळे उजवेच असतात.”

“म्हणूनच तर. आमच्या बाजूने बघितला तेव्हा तो वेगळा होता. मला आमच्या बाजूचाच बरा वाटला.”

देवपुरात ती मावशीकडे राहायची. मावशीचा नियम होता, दिवेलागणीच्या आत घरात. तीनचा खेळ हिवाळ्यात सुटेपर्यंत अंधार पडायचा, म्हणून ही सिनेमा संपायच्या आधी उठून पुलावरून पळत सुटायची. शेवट तिने फारसे पाहिलेच नव्हते. ते ती पुलावर स्वतः रचायची आणि दुसऱ्या दिवशी मुलींना विचारायची, “शेवटी काय झालं गं?”

“आई मेली.”

“हॅट! माझ्यात तिने शिवणयंत्र घेतलं.”

तिचे शेवट असेच असायचे. माणसं मरायची नाहीत, कामाला लागायची.

हे सगळं मी किती आवडीने सांगतो आहे! पुढचं सांगायचं नाही म्हणूनच रेंगाळतो आहे बहुतेक.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब. पांझरेकाठच्या एका गावचे, मोठं घराणं. त्यांना आत्मचरित्र काढायचं होतं. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “चौधरी, मी बोलतो, तुम्ही जरा लिहून घ्या.” ते बोलायचे फार थोडं. दोन वाक्यं बोलून फोन घ्यायचे. उरलेलं मी लिहिलं. पुस्तकावर माझं नाव नव्हतं, ते असणारही नव्हतं. कायम नेमणुकीचा माझा प्रस्ताव मात्र त्यांच्या टेबलावर होता, आणि तो तिथेच आहे हे ते मधूनमधून बोलून दाखवत.

बालपणाच्या प्रकरणात नानासाहेबांचा न्यायीपणा दिसेल असा एखादा प्रसंग हवा होता. त्यांनी काही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता एकदा म्हणाले होते, “आमच्या गावी सुकदेव पाटकरी होता. वडलांच्या शेताला पाणी द्यायचा.” एवढंच. मला नाव खरं वाटलं, मातीतलं वाटलं. मी लिहिलं: अमावस्येच्या रात्री हा सुकदेव गावाचा पाट फोडून आपल्या शेतात पाणी वळवतो, किशोरवयीन नाना त्याला कंदिलाच्या उजेडात पकडतात, तो पाया पडतो, नाना त्याला क्षमा करतात आणि ही गोष्ट कुणाला सांगत नाहीत. प्रसंग उत्तम उतरला. जळगावच्या छापखान्यातला जुळारीसुद्धा म्हणाला, “हे पान लई भारी झालं, सर.”

सुकदेव हयात असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. त्याच्या घरात कुणी पुस्तक वाचत असेल, हा तर त्याहून नाही.

पुस्तक आलं. प्रकाशन समारंभ महाविद्यालयातच होणार होता. विद्यार्थ्यांना प्रती वाटल्या आणि दोघाचौघांनी समारंभात अभिप्राय द्यायचे असं ठरलं. त्याची तयारी म्हणून आधीच्या शुक्रवारी मी वर्गात बोलायला लावलं. एकेक जण उठून स्तुती करून गेला. मग वत्सला उठली. या पुस्तकाच्या पुढच्याही पुठ्ठ्यावर फोटो होता आणि मागच्याही. तिने ते दप्तरात घातलं.

“पुस्तकातला पाटकरी माझा आजा आहे,” ती म्हणाली. “सख्खा. तो चोर आहे असं लिहिलंय. मी बठ्ठं पुस्तक वाचलं आणि मला वाटतं, हे पान नानासाहेबांनी लिहिलेलं नाही.”

“कशावरून?” मी विचारलं.

“आमच्याकडे फड असतात, सर. नदीच्या बंधाऱ्यावरून पाट येतो. त्याच्याखाली गावाची जमीन वाटलेली, एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी एका टोकाला सुरू होतं आणि ओळीने दुसऱ्या टोकाला जातं, सगळ्यांच्या वावरातून. मालक पाण्याला हात लावत नाही, पाटकरीच देतो. आपलं आपण पाणी घेतो असं तिथे नसतंच. मग रात्री चोरून वळवायचं कुठे? शेजाऱ्याचं पाणी झालं की आपलं येणारच असतं. हे गावातलं लहान पोरही सांगेल. नानासाहेब फडात वाढले, ते असं लिहिणार नाहीत. हे कुणीतरी विहिरीवरच्या माणसाने लिहिलंय.”

मी चोपड्याकडचा. आमच्याकडे विहिरी आणि केळी. विहिरीत भावाभावांचे वाटे, पाण्याच्या पाळ्या. माझा सख्खा काका रात्री आमच्या पाळीचं पाणी आपल्या केळीत घ्यायचा. माझ्या वडलांनी त्याला एकदा कंदील घेऊन पकडलं होतं आणि पुढे दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं. तेच मी उचलून पांझरेकाठी नेऊन ठेवलं होतं. क्षमा तेवढी पदरची.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. “सर, छापखान्यात किंवा पुण्याबिण्यात कुणीतरी घुसडलं असेल. तुम्ही नानासाहेबांना सांगाल ना? समारंभात एक वाक्य बोलले तरी पुरे. गावात पुस्तक गेलंय. आबाला लोक विचारतात.”

तिला माझा संशय आला नव्हता. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल पूर्ण भरवसा होता. मी म्हणालो, “पाहू या.”

सोमवारी सकाळी म्हातारा स्वतःच आला. धोतर, टोपी, हातात फडक्यात बांधलेली गुळाची लहान ढेप. चपला त्याने पार पायऱ्यांच्या खाली काढल्या होत्या. व्हरांड्यात मला गाठून नमस्काराच्याही आधी म्हणाला, “सर, मी पानी चोरेल नही शे.” पाणी चोरलेलं नाही, एवढंच सांगायला तो गावाहून आला होता.

“बसा ना, आबा.”

“बसाले नही उनू. नात म्हने, सर शिकेल मानूस शेतस, त्या सरळ करतीन. म्हनीसन उनू.”

“पुस्तक नानासाहेबांचं आहे, आबा. मी त्यात काय करणार?”

“नानाले मी काय बोलू? त्याना बापना वावरले मीच पानी दिन्हं. बठ्ठा गावले माहीत शे.” मग तो म्हणाला, “पन आते छापेल शे ना.”

मी म्हणालो, “बोलतो मी.” त्याने ढेप माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो नाही. तो गूळ आमच्या घरी महिनाभर पुरला.

त्याच दुपारी नानासाहेबांचं बोलावणं आलं. वर्गातली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

“काय चौधरी, शुक्रवारी माझ्या पुस्तकाची चिरफाड चालते म्हणे?”

मी म्हणालो, “नानासाहेब, तो प्रसंग जरा... मुलगी म्हणते तसं फडात होत नाही.”

“होत नाहीच. मला कळत नाही का? मी वाचलं तेव्हाच कळलं.” ते हसले. “पण प्रसंग झकास आहे. माझ्या बायकोला रडू आलं. सुका काय करणार आहे? वर्षात विसरतील लोक. त्या पोरीने मात्र ‘नानासाहेबांनी लिहिलेलं नाही’ असं जाहीर म्हटलं. ते कसं चालेल? समारंभात तिलाच बोलू द्या. चांगलं बोलेल आणि चुकले म्हणेल. आणि हो, तुमचा प्रस्ताव येत्या बैठकीत घेतोय.”

मी “हो” म्हणालो. इथे कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. “हे पान मी लिहिलं, मला काढू द्या,” एवढं म्हणता आलं असतं. कदाचित ते चिडले असते, कदाचित हसून सोडून दिलं असतं. मी विचारूनच पाहिलं नाही.

वत्सलाला मी ग्रंथालयात बोलावलं आणि काय बोलायचं ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे आबाने चोरलं असं मी म्हणायचं?”

“तसं कोण म्हणतंय? तू फक्त म्हण की तुझा गैरसमज झाला.”

“पण झाला नाही ना, सर.”

“वत्सला, तुझं शेवटचं वर्ष आहे. नानासाहेबांच्या हातात बरंच काही असतं. तुझ्या आबालाही त्याच गावात राहायचं आहे.”

हे शेवटचं वाक्य मी काळजीच्या सुरात म्हटलं होतं. तिला ते बरोबर कळलं. माझ्याकडे बघत तिने विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, सर? तुम्हाला. पटतं का ते पान?”

माझ्याच तासातला माझाच प्रश्न. मी म्हणालो, “माझ्या वाटण्याचा इथे काही संबंध नाही.”

समारंभाला सभागृह भरलं होतं. वत्सला व्यासपीठावर आली. त्या दिवशी तिच्या वेण्यांना रिबिनी नव्हत्या. समोर कुठेतरी बघत ती म्हणाली, “प्रस्तुत आत्मचरित्रात लेखकाने ग्रामीण जीवनाचे उत्कृष्ट चित्रण केले आहे. भाषा साधी व ओघवती आहे. एका प्रसंगाबाबत गैरसमजातून चुकीचे मत व्यक्त झाले होते, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.”

त्यात ‘मी’ एकदाही नव्हतं. वर्गातल्या मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. गाईडातलं वाक्य बोलणाऱ्याला मी खाली बसवायचो. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या, कारण नानासाहेब वाजवत होते.

त्यानंतरही ती शुक्रवारी तासाला यायची. मी नाव घेतलं की उठून म्हणायची, “काही वाचलं नाही, सर.” महिन्याभराने मी तो तासच बंद केला. अभ्यासक्रम मागे पडतो असं कारण दिलं. माझी नेमणूक कायम झाली. ती परीक्षा देऊन गावी गेली. पुढे शिकेल असं सगळ्यांना वाटत होतं, ती शिकली नाही.

त्या गावाकडचा एक सहकारी नंतर सांगायचा. पुस्तक शाळेत वाटलं गेलं होतं. तरणी पोरं म्हाताऱ्याला हाका मारायची, “आबा, आज अमावस्या शे, पाट वळवाना नही का?” फडात पाणी चोरता येत नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, तेच हसत होते. पुस्तकात छापून आलं होतं, आणि ते नानासाहेबांचं होतं. फडाचा कारभार बघणाऱ्या पंचांनी म्हाताऱ्याला कामावरून काढलं नाही. त्यानेच एक दिवस फावडं त्यांच्यापुढे ठेवलं आणि परत पाटावर गेला नाही.

ती मला शेवटची दिसली नव्वदच्या दशकात, पिंपळनेरच्या बसस्थानकावर. मी तेव्हा जळगावला होतो, परीक्षेच्या कामासाठी तिकडे गेलो होतो. बाकावर चारपाच बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर उभी राहून एक बाई हातवारे करत टीव्हीवर पाहिलेला सिनेमा सांगत होती. आवाजावरून ओळखली. अंगाने भरली होती, कडेला भाजीची पिशवी.

तिनेही मला पाहिलं आणि बोलणं अर्धवट टाकून जवळ आली. वाकून नमस्कार केला. तो तिने करायला नको होता.

“बरे आहात, सर?”

“बरा आहे. आबा कसे आहेत?”

“गेले. मागच्या उन्हाळ्यात.” मग म्हणाली, “सर, त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय म्हणतात. ते पान काढलंय का?”

तिच्या आवाजात राग नव्हता. आबा गेला होता, तरी ती विचारत होती. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं त्याच आठवड्यात मी तपासली होती. ते पान माझ्या हाताखालून गेलं होतं. मी त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली होती.

“मला काही कल्पना नाही गं,” मी म्हणालो. “माझा आता त्याच्याशी संबंध राहिला नाही.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. “बरं, सर,” म्हणाली. गाडी लागली होती. ती बायकांच्या मागोमाग चढली, खिडकीपाशी बसली. शेजारची बाई तिला काहीतरी विचारत होती, बहुतेक सिनेमात पुढे काय झालं ते. तिने सांगायला सुरुवात केली. गाडी निघेपर्यंत मी खिडकीखाली उभा होतो. तिने पुन्हा बाहेर पाहिलं नाही.

तेव्हा खिडकीची जाळी वाजवून म्हणायला हवं होतं ते असं:

वत्सला, ते पान मी लिहिलं. तुझ्या आबाने पाणी चोरलं नाही, कधीच नाही. चोरलं ते माझ्या काकाने, चोपड्याला, आमच्या विहिरीवरचं, आणि मी ते आबाच्या नावावर घातलं. तू वर्गात त्या शुक्रवारीच बरोबर सांगितलं होतंस. तुला सगळ्यांसमोर चुकले म्हणायला लावलं. चुकलो होतो मी.